उसन्या पेट्या

६ ऑक्टोबर, सोमवार

धाकट्या भावाचं कर्जाचं लिमिट अर्ध्यावर आणलं! बँकेने. आज सकाळी. नुसतं पत्र पाठवून — समोर बसवून सांगायचेही कष्ट घेतले नाहीत.

त्याची बँक बुडालेली नाही. बुडाली ती दुसरीच, काचेच्या इमारतीतली, तीन आठवड्यांपूर्वी. पण एक बुडाली आणि बाकीच्यांनी घाबरून मुठी आवळल्या. आता कोणी कोणाला पैसे द्यायला तयार नाही. पेपरात रोज 'संकट', 'संकट'. मी आज दुसरा चहा घेतला. साखर घालून.

हे लिहून ठेवायलाच हवं, कारण नऊ वर्षं मी ऐकून घेतलंय. बाबा गेल्यावर आम्ही गाळ्याच्या मधोमध भिंत घातली. अलीकडे मी, पलीकडे धाकटा. माल दोघांचा एकच — बिजागऱ्या. दाराच्या, खिडकीच्या, कपाटाच्या. मी बाबांच्या जुन्या प्रेसवर काढते, स्वतःच्या पैशाने पत्रा घेते, जेवढा पैसा तेवढाच माल. त्याचं सगळं बँकेवर. बँकेच्या पैशाने ऑटोमॅटिक प्रेस, बँकेच्या पैशाने पत्रा, माल विकायचा तीन महिन्यांच्या उधारीवर, आणि मधले तीन महिने बँकेने सांभाळायचे. माझ्या चौपट माल काढतो. "ताईचा धंदा म्हणजे पाण्यात उतरायचं, पण काठ सोडायचा नाही," असं पाहुण्यांसमोर म्हणाला होता. सगळे हसले होते. मीही हसले होते.

आता पोह म्हणावं.

८ ऑक्टोबर, बुधवार

पत्र्याचा भाव कोसळला. रोख देणाऱ्याला वर आणखी सूट. सहा टन उचलला. पत्र्याचा व्यापारी मला दारापर्यंत सोडायला आला! एवढा मान उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

धाकटा आला. भिंतीतल्या दारातून. भिंत घातली तेव्हा आईने हट्ट करून हे दार ठेवायला लावलं होतं, कडी दोन्ही बाजूंनी. आई गेली, दार राहिलं.

"ताई, दोन टन पत्रा दे. महिन्याभरात परत करतो."

"कशाच्या जोरावर?"

"ऑर्डरी आहेत गं. दोन महिन्यांच्या. माणसं आहेत, मशीन आहे. गिऱ्हाईक रोज फोन करतंय. फक्त पत्रा घ्यायला पैसा नाही."

"तुझ्या बँकेला विचार. ती देते ना सगळं!"

मग समजावायला लागला — जणू मला कळत नाही. लिमिट अर्धं झालं, तेही आधीच्या मालात अडकलेलं. तो माल विकला गेला, पण पैसे तीन महिन्यांनी येणार. आले की बँक ते आधीच्या बाकीत वळते करून घेणार. म्हणजे धंदा चांगला, आणि धंदा बंद! हे सांगताना तो हसलासुद्धा. मला त्याचं हसणं आवडलं नाही.

समोरच्या खुर्चीवर पॉलिशचे डबे होते. मी ते उचलले नाहीत. वीस मिनिटं उभा होता. खाली वाकून बोलत होता तेव्हा त्याची टाळू दिसली, केस पार गेलेत. लहानपणी ह्याच टाळूवर मी तेल थापायचे. जरा वाईट वाटलं. मग वाटेनासं झालं.

पत्रा दिला नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज राणीसाहेब! भावजय. नऊ वर्षांत गाळ्यात पाऊल टाकलं नव्हतं, लोखंडाच्या वासाने डोकं दुखतं म्हणे. आज नाही दुखलं.

"ताई, माणसांचे पगार थकलेत हो. निम्म्यांचे तरी होतील एवढं बघा ना. यांना झोप नाही."

मी कान तुटलेल्या कपात चहा दिला. चांगले कप फडताळात समोरच दिसत होते, तिलाही दिसत होते. तिने मुकाट्याने घेतला. बोटं भाजली असणार.

मी विचारलं, नवा सोफा कसा आहे? बसायला मऊ आहे का? विकला तर काय येईल?

रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. कप धुऊन ठेवला आणि गेली. कप कशाला धुवायचा? मला हिणवायला!

१५ ऑक्टोबर, बुधवार

दोन दुकानदारांनी माझे पैसे पाठवले नाहीत. दोघांचं उत्तर एकच — "बँकेने हात आखडलाय, बाई, थोडं थांबा." अरे, बँक तुमची! हात तुमचा! माझ्यावर छदामाचं कर्ज नाही, मी का थांबू? तिसऱ्याने फोनच उचलला नाही.

म्हणजे मी बँकेच्या दारात गेले नाही तरी बँक माझ्या घरात शिरलीच. चिडचिड झाली. पिनवालीवर उगाच ओरडले. ही बाई तीस वर्षं आमच्याकडे बिजागऱ्यांत पिना बसवते, माझा आरडाओरडा तिच्या कानावरून जातो. "बाई, पाणी प्या," म्हणाली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

फर्निचर कंपनीचा फोन! धाकट्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. निम्मा धंदा तेवढ्यावर.

खरेदीवाला म्हणाला, "तुमच्या भावाला माल जमत नाही. तुम्ही एकतीस तारखेपर्यंत नव्वद पेट्या देऊ शकाल का?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. माल पोचला की त्याच दिवशी रोख पैसे. वेळेवर दिला तर पुढच्या वर्षभराचं काम माझ्याकडे.

सहा टन आहेच. आणखी चार घेतला. पितळी पिना, पॉलिश, जादा माणसं — होतं नव्हतं ते सगळं यात घातलं. हातात पुढच्या पगारापुरतंसुद्धा ठेवलं नाही. इतका मोठा डाव आयुष्यात पहिल्यांदाच टाकतेय. बाबा असते तर ओरडले असते. पण हा पैसा माझा आहे, कोणाला विचारायचं नाही. सुखच आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पिनवाली म्हणाली, "धाकट्या दादांना सांगितलंत का हो, बाई? त्यांचं काम आपण घेतलं ते?"

मी म्हटलं, पिना बसवा.

२२ ऑक्टोबर, बुधवार

कळलं त्याला. दारात येऊन उभा राहिला. माझा जुना प्रेस धडधडत होता, त्याच्या बाजूला आवाजच नव्हता. लाखोंचा प्रेस, वर चादर टाकून ठेवलीय.

मी तयार होते. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. तो एवढंच म्हणाला, "बरं झालं. काम आपल्यातच राहिलं."

बोंब मारली असती तर बरं वाटलं असतं. असला चांगुलपणा मला सहन होत नाही. लहानपणीसुद्धा असाच. मार मला बसायचा, रडायचा हा, आणि आई त्याला जवळ घ्यायची.

२५ ऑक्टोबर, शनिवार

नव्वद पेट्या तयार! पाच दिवस हातात ठेवून! वाहतूकवाला गुरुवारी सकाळी येणार. पिनवालीला नवी चप्पल घ्यायला पैसे दिले, शेवटचेच होते.

संध्याकाळी धाकटा. "ताई, सोमवारी साहेब येणारेत स्टॉक बघायला. पेट्या देशील?"

इथे लिहून ठेवते, कारण ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज आणि पिनवालीखेरीज कोणाला ठाऊक नाही; पेट्या उचलणाऱ्या माणसांनाही कारण सांगितलेलं नाही. दर तीन महिन्यांनी बँकेचा साहेब त्याच्या गाळ्यात येऊन माल मोजतो. जेवढा माल दिसेल तेवढं लिमिट. कधी माल कमी पडायचा. मग सकाळी माझ्या पेट्या दारातून त्याच्याकडे, संध्याकाळी परत. आम्ही याला 'उसनं' म्हणतो. "ताई, जरा उसनं दे." खोकीवाला आमचा एकच, त्यामुळे बाहेरून पेट्या सारख्याच दिसतात. साहेब मोजतो, उघडत नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा दोघं पोट धरून हसलो होतो. मला कर्ज नको, पण बँकेला फसवायला मजा यायची!

"सोमवारी मोजणी बरी झाली तर उरलेलं अर्धं तरी ठेवतील," म्हणाला. "तेवढ्यात मी यातून निघेन. जानेवारीपर्यंत तग धरला की पैसे यायला लागतील."

निघेल. तो निघेलच, मला माहीत आहे. जानेवारीत निघेल आणि फर्निचरवाले परत त्याच्याकडे जातील, कारण माझ्या चौपट वेगाने त्याचा प्रेस चालतो.

मी म्हटलं, दिल्या. सगळ्या नव्वद ने.

२६ ऑक्टोबर, रविवार

माझ्या प्रत्येक पेटीत आत एक चिठ्ठी असते. गाळ्याचा शिक्का, तारीख, पिनवालीची सही.

लिमिट गेलं की त्याचा प्रेस विकायला निघेल. असल्या दिवसांत घेणारं कोण? मीच. मातीमोल.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी आठ ते नऊ पेट्या नेल्या. त्याची दोन माणसं, माझी दोन. धाकट्याने स्वतःही उचलल्या. "थँक्यू ताई," म्हणाला. घामाघूम.

दहाला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून बँकेत फोन केला. नाव सांगितलं नाही. म्हटलं, आज मोजू नका नुसत्या, एक पेटी उघडा आणि आतली चिठ्ठी वाचा. दुकानदाराकडून डोकेदुखीच्या दोन गोळ्या घेतल्या, फुकट फोन कसा करायचा!

साडेबाराला साहेब आले. चष्मेवाले, हळू बोलणारे. बरोबर आणखी दोघं. मी दाराला कान लावून बसले होते, लाज कसली. पेटी फाडल्याचा आवाज आला. मग धाकट्याचा आवाज, पण शब्द कळले नाहीत. कोणी ओरडलं नाही.

हिशोब असा होता — लिमिट रद्द करतील, कागद लिहितील, निघून जातील. संध्याकाळी पेट्या नेहमीसारख्या दारातून परत. नेहमी तसंच होतं.

चार वाजता पलीकडून हातोडी. मला वाटलं काय ठोकतायत! मग शटर खाली आल्याचा आवाज. मी धावत पुढून गेले. शटरला कुलूप, कुलुपावर कापड, कापडावर लाख. धाकटा फुटपाथवर उभा, हातात जेवणाचा डबा. भिंतीतल्या दाराला त्या बाजूने पट्ट्या मारून सील केलंय.

माझ्या पेट्या आत!

नव्वदच्या नव्वद आत!!

२८ ऑक्टोबर, मंगळवार

बँकेत. दोन तास बाकावर बसवलं. मग साहेब.

"गाळ्यात जे असेल ते सगळं आम्हाला तारण. कोणाचं का असेना — आधी कुलूप, मग चौकशी. वरून नवा हुकूम आलाय. गेल्या महिन्यात सगळ्यांना पत्रं पाठवली होती."

"मला नाही आलं पत्र."

"तुम्ही कर्जदार नाही."

हे असं असतं हे कर्ज काढलेल्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. धाकट्याला ठाऊक होतं. मला कुठून असणार? मी कधी बँकेच्या त्या बाजूच्या खुर्चीत बसलेच नाही.

"त्या पेट्या माझ्या आहेत," म्हटलं.

"मग त्यांच्या गाळ्यात कशा?"

उसन्या दिल्या म्हणावं, तर बँकेला फसवायला मीही सामील. विकल्या म्हणावं, तर त्या त्याच्या झाल्या, म्हणजे बँकेच्या. ठेवायला दिल्या म्हणावं, तर कागद कुठे? मी म्हटलं, विचार करून सांगते. त्यांनी चष्मा पुसला.

मग मी काय केलं ते लिहायलाही लाज वाटते. कर्ज मागितलं! पगारापुरतं, आणि चार टन पत्र्यापुरतं. साहेबांनी संगणकात बघितलं.

"तुमचं काहीच दिसत नाही इथे. कधी कर्ज घेतलं नाहीत?"

"पस्तीस वर्षांत कोणाचा एक पैसा घेतला नाही," मी मान ताठ करून म्हटलं.

"तेच ना. घेतलं नाहीत, म्हणून फेडलंही नाहीत. तुम्ही फेडाल हे आम्ही कशावरून धरायचं? आणि तसंही सध्या नवीन कर्जं बंद आहेत."

पस्तीस वर्षं मी ज्याची मिजास केली, त्याला या साहेबाने रिकामी जागा म्हटलं. येताना चालत आले.

२९ ऑक्टोबर, बुधवार

फर्निचरवाल्याला फोन. आठ दिवस वाढवून द्या म्हटलं. "जमणार नाही. तुमचा भाऊ निदान आधी कळवायचा," म्हणाला.

पत्रा संपला. पैसे नाहीत. ते तीन दुकानदार फोन उचलत नाहीत. माणसं प्रेसजवळ नुसती बसून आहेत. बाजारात अजूनही पत्रा स्वस्त, मागणी आहे, मशीन आहे, माणसं आहेत.

हेच तो उभा राहून वीस मिनिटं सांगत होता.

३० ऑक्टोबर, गुरुवार

वाहतूकवाला आला, रिकामा परत पाठवला. येण्याचं भाडं घेतलंच.

बँकेचं पत्र. उद्या अकराला दोघांनी यायचं, माल कोणाचा ते लेखी द्यायचं.

विचार केला. दिवसभर केला. एकच वाट आहे. 'न विचारता नेल्या.' मी बाहेर गेले होते, दार उघडं होतं, त्याने माझ्या पेट्या न विचारता नेल्या आणि स्वतःच्या म्हणून दाखवल्या. शिक्का माझा, चिठ्ठी माझी, पेट्या परत मिळतील. फर्निचरवाल्याच्या पाया पडेन, चार दिवस उशीर तो चालवून घेईल. धाकट्यावर पोलीस केस होईल. होऊ दे. नाहीतरी बुडालाच आहे, त्याला बुडायला आता जास्त काय लागणार?

आरशासमोर म्हणून बघितलं. न विचारता नेल्या. तिसऱ्यांदा अगदी सहज आलं.

पिनवालीच्या कानावर गेलं. "बाई, पेट्या तर आपणच उचलून दिल्या ना, सोमवारी सकाळी?"

"तुम्हाला कोणी विचारलेलं नाही," म्हटलं.

ती नवी चप्पल पिशवीत घालून, जुनीच पायात घालून घरी गेली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

बोलायची वेळच आली नाही!

धाकट्याला आधी आत घेतलं. मी बाकावर, तेच वाक्य घोकत. वीस मिनिटांनी मला बोलावलं. टेबलावर कागद, त्याच्या वळणदार अक्षरात. 'सगळा माल माझा. नव्वद पेट्या मी बहिणीकडून उधारीवर विकत घेतल्या, बिल करायचं माझ्याकडून राहिलं, चूक सर्वस्वी माझी, बहिणीला यातलं काही माहीत नव्हतं.' खाली सही.

साहेब म्हणाले, "मान्य असेल तर सही करा. वेगळं म्हणणं असेल तर ते पोलिसांसमोर."

वेगळं म्हणणं होतं. पाठ होतं. पण पोलीस म्हटल्यावर ते सगळ्यांना विचारणार, आणि पिनवालीला खोटं बोलता येत नाही. मी सही केली. धाकट्याने पेन पुढे केलं, टोपण काढून.

म्हणजे पेट्या गेल्या. बँक त्या लिलावात फुंकून टाकेल. माझे पैसे धाकट्याकडे येणं — त्याच्या देणेकऱ्यांच्या यादीत सगळ्यात खाली मी. उभ्या जन्मात कोणाला चार आण्यांचं उधार दिलं नाही, आणि आज माझं सगळंच्या सगळं त्याच्याकडे उधार.

पण जेलबिल काही नाही. मला पूर्ण बाहेर काढलंन. बावळट! आयुष्यभर बावळट. नव्वद पेट्यांचं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि ज्या बहिणीने त्याला... जाऊ दे. त्याला काही माहीत नाही. कधी कळणारही नाही. जिन्यात माझ्यासाठी थांबला होता, मी दुसऱ्या जिन्याने उतरले.

१ नोव्हेंबर, शनिवार

पगार झाला नाही. माणसांना सोमवारी येऊ नका म्हटलं.

दुपारी धाकटा आला, पुढच्या दाराने. मी पॉलिशचे डबे उचलून खुर्ची मोकळी केली. बसला नाही. मी थकलेला दिसतोस म्हटलं, चहा टाकते म्हटलं. नको म्हणाला. बंद प्रेसवरून हात फिरवला, बाबा फिरवायचे तसा. मग म्हणाला, "ताई, फोन करायच्या आधी पेट्या तरी परत घ्यायच्या होत्यास."